न्येमेत्सला विसरू नका राव

कुणीतरी म्हटलंय की चेक लोक म्हणजे आइस हॉकी आणि टेनिस, बॉक्सिंगच्या हेवीवेटमध्ये त्यांचं कोण आहे? अहो योझेफ न्येमेत्स! १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाकडून ब्राँझ घेतलं गड्याने. प्रॉब्लेम असा की त्याच रोममध्ये कॅशियस क्लेने, म्हणजे आपल्या मोहम्मद अलीने, लाइट हेवीवेटचं गोल्ड मारलं, मग सगळे त्याच्याच गोष्टी सांगणार ना, हेवीवेटकडे बघतंय कोण. तिथे गोल्ड इटलीच्या फ्रँको दे पिक्कोलीला, सिल्व्हर दक्षिण आफ्रिकेच्या डॅन बेकरला, आणि न्येमेत्ससोबत दुसरं ब्राँझ जर्मनीच्या झीगमुंटला, कारण सेमी हरलेल्या दोघांनाही मेडल मिळतं.

आणि तेव्हा सुपर हेवीवेट, म्हणजे हेवीवेटच्याही वरचा वजनगट, नव्हतंच बरं का, ८१ किलोच्या वर गेलात की सगळे एकाच गटात, मग समोर कितीही धिप्पाड माणूस येवो, डोक्याला हेडगार्ड पण नाही.

पुढे १९६३ ला मॉस्कोत न्येमेत्स युरोपियन चॅम्पियन झाला, तेही रशियन लोकांच्या घरात, मला तर हे ब्राँझपेक्षा भारी वाटतं. कम्युनिस्ट राजवटीत प्रोफेशनल बॉक्सिंगची दारं बंद होती, त्यामुळे दे पिक्कोलीसारखं प्रो व्हायचा चान्सच नव्हता.