सांगायलाच हवं
"मुलीला एवढ्यात सगळं सांगू नका, घाबरेल" हा आजाराबद्दलचा इथे कुणीतरी दिलेला सल्ला मला नाही पटत. आम्ही तेच करून बसलो होतो. लेकीला १५व्या वर्षी मेलासचं, म्हणजे पेशींत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या एका आजाराचं, निदान झालं आणि तिला आम्ही 'थोडा अशक्तपणा आहे' एवढंच सांगितलं. मग तिने आजीबरोबर गुपचूप संकष्टी धरली. चंद्रोदयाची वाट बघत बसलेली पोर डोकं धरून ओकायला लागली. या आजारात पेशींना ऊर्जा बनवणं आधीच जड जातं, त्यामुळे लांब उपास काय किंवा ताप काय, सोसत नाही. हे तिला माहीतच नव्हतं.

आणखी एक, इथे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. फिटसाठी सर्रास देतात ते व्हॅल्प्रोएट हे औषध मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांत शक्यतो टाळतात. पोलजी (POLG) नावाच्या जनुकात दोष असेल तर त्याने यकृत निकामी होऊ शकतं. न्यूरॉलॉजिस्टकडून तसं लिहून घेतलेलं कार्ड लेकीच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये असतं. दप्तरातलं ती काढून टाकायची. मोबाइल मात्र ती कधी विसरत नाही.