वीस लेकरं म्हणजे लहान वर्ग नव्हे

गेवराईकर (जि.प. शिक्षक): काल एकानं लिहिलं, "झेडपीच्या शाळेत वीस-पंचवीस पोरं, गुरुजीला ऐंशी हजार पगार, तरी चौथीच्या पोराला भागाकार येईना. वर्ग लहान करा ही मागणी म्हणजे कामचोरांचं रडगाणं." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितो.

माझ्या शाळेचा पट 54. पहिली ते चौथी, आम्ही दोघं. शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यानुसार 60 पर्यंत दोन शिक्षक, म्हणजे कागद बिनचूक. सरासरी काढा, 27 येते. पण त्या 27 मध्ये दोन इयत्ता बसतात. दुसरीचं गणित घेतो तेव्हा पहिली अक्षरं गिरवत बसते, आणि कुणाची पेन्सिल उलटी चालली ते दिसायला मला वेळ नसतो. सहकाऱ्याला बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला तहसीलला बोलावलं की 54 लेकरं आणि चार इयत्ता एका खोलीत. त्याच कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकाला शाळेबाहेरचं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढंच काम द्यावं असं आहे. मतदार यादी निवडणुकीतच धरतात.

दिवाळीनंतर निम्मी लेकरं आईबापाबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. धाकट्याला सांभाळायला थोरलीला नेतात. मार्च-एप्रिलमध्ये परत आली की जोडाक्षरापासून सुरुवात. ह्यांच्यासाठी वर्ग लहान मागणारा कामचोर असेल तर मी कामचोर.

लातूरचा पालक: ऊसतोडीचं मान्य. बाकीचं नाही. माझी मुलगी इंग्रजी शाळेत, वर्गात 58 मुलं. मॅडमचा पगार तुमच्या चौथाईसुद्धा नाही. तरी ती तिसरीत सरळ वाचते. म्हणजे संख्येनं फरक पडत नाही, शिकवण्यानं पडतो.

गेवराईकर: ट्यूशन आहे का?

लातूरचा पालक: आहे. त्याचा इथं काय संबंध?

नांदेडकर: तोच तर संबंध. अमेरिकेत टेनेसी राज्यात 1985 ते 1989 मध्ये पोरांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून पाहिलं. एका बाजूला 13 ते 17 चे वर्ग, दुसरीकडं 22 ते 25 चे. लहान वर्गातली पोरं वाचनात, गणितात पुढं गेली. आपलं 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही मागास भागात एका शिक्षकामागं 25 च्या आत म्हणतं.

गंगापूरकर: टेनेसी राहू द्या. कॅलिफोर्नियानं 1996 मध्ये घाईघाईनं वर्ग 20 वर आणले, तेव्हा पात्रता नसलेले शिक्षक भरावे लागले. आणि आमच्याकडचं दुखणं वेगळंच आहे. गुरुजी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावात, राहतच नाहीत. आमदार प्रशांत बंबांनी 2022 ला विधानसभेत हेच मांडलं. शहरातून गाडीवर येतात, साडेदहाची शाळा अकराला, घरभाडं भत्ता मात्र पूर्ण. आधी गावात राहा, मग वर्ग लहान मागा.

हिंगोलीची शिक्षिका: दादा, मी राहिले आहे गावात, दोन वर्षं. खोलीला संडास नव्हता. अंधार पडायची वाट बघायची. तापाच्या लेकराला घेऊन रात्री अकराला दुधाच्या टेम्पोतून तालुक्याला गेले. तेव्हा मी शिक्षणसेवक होते, म्हणजे पहिली तीन वर्षं ठरलेल्या मानधनावर, महिना 6 हजार. 2023 ला ते 16 हजार झाले, माझी तोवर तीन वर्षं संपली होती. मुख्यालयी राहा म्हणणाऱ्यानं आधी त्या खोलीत एक पावसाळा काढावा.

गंगापूरकर: आमच्या बायका त्याच गावात जन्म काढतात. त्यांना कोण भत्ता देतं? सोयाबीन हमीभावाखाली विकतो आम्ही, आणि तुम्ही मोर्चे काढता!

हिंगोलीची शिक्षिका: तुमच्या बायकांनाही संडास मिळाला पाहिजे. माझ्यावर कशाला ओरडता? तुमचीच लेकरं शिकवते मी.

गेवराईकर: मूळ मुद्दा राहिला बाजूला. ती गावात राहिली काय, शहरात राहिली काय, दोन इयत्ता तिला एकटीलाच बघाव्या लागतात.

गंगापूरकर: राहिला कसा? सकाळी अर्धा तास गेला तर तुमचा 15 चा वर्गही वाया. पण एक कबूल करतो. गुरुजी मुख्यालयी राहतात असा ग्रामसभेचा खोटा ठराव होतो, त्यावर माझीही सही आहे. गावात द्यायला खोली नव्हती, आणि गुरुजी बदलून गेले असते तर त्या जागी दुसरं कुणी आलं नसतं, म्हणून केली.

नांदेडकर: मग भांडण मास्तरांशी कशाला? जागा भरा म्हणून पंचायत समितीत बसू या.

गंगापूरकर: बसू. पण शाळा साडेदहाला भरली पाहिजे. ह्यात मी मागं सरणार नाही.

लातूरचा पालक: काल मुलीला ट्यूशनहून आणायला गेलो, आत डोकावलो. नऊ मुलं होती. मॅडम प्रत्येकाच्या वहीत बघत होत्या. इंग्रजी शाळेबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण महिन्याला 700 रुपये मी नऊच्या वर्गासाठी मोजतो हे खरं आहे.