श्रावणात जोडलेलं टेबल मार्चमध्ये फाटलं, काय चुकलं?

उंबरठा (नाशिक)
आमच्याजवळच्या वखारीत लाकडाचे उरलेले तुकडे किलोवर देतात. बहुतेक लोक बंबात घालायला नेतात. मी गेल्या श्रावणात रिक्षात घालून चाळीसेक किलो आणले. माझी शाळा दुपारची असते, त्यामुळे सकाळी गच्चीत रंधा मारत बसायचे. दोन फूट लांबीच्या नऊ पट्ट्या जोडून बसकं टेबल केलं. सहा सागाच्या आणि तीन जड, काळपट तपकिरी. ते लाकूड कोणतं हे वखारवाल्यालाही सांगता आलं नाही. शिकंजे नव्हते, म्हणून दोरी आवळून पाचरी ठोकल्या आणि फेविकॉल लावून एक दिवस ठेवलं. खाली चौकट करून बारा स्क्रू घट्ट पिळले.

मार्चमध्ये रात्री टक्‌कन आवाज आला. सकाळी पाहते तर साग आणि काळ्या पट्टीमधला सांधा उघडलेला, नाणं सहज आत जाईल इतका. शिवाय एक काळी पट्टी स्क्रूपासून उभी चिरली आहे. सागाची एक फिकट पट्टी आहे, तिच्याखाली बारीक पीठ पडतंय. आई म्हणते, बंबातलं बंबातच जाऊ दे. वाचवता येईल का?

पटाशी३२
ताई, बंबात घालू नका. एक सांधा उघडला तरी बाकीचे चांगलेच होते, नाहीतर पट्टी चिरलीच नसती.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. तुम्ही ते फुगलेलं असताना जोडलंत आणि आडव्या चौकटीला बारा ठिकाणी खिळवून टाकलंत. मार्चमध्ये त्याला आत यायचं होतं, स्क्रूंनी येऊ दिलं नाही. मग ते कुठून तरी फाटणारच.

चौकट तशीच ठेवा. मधले स्क्रू घट्ट राहू द्या. कडेच्या स्क्रूंसाठी चौकटीतली भोकं टेबलाच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा आणि स्क्रूखाली वॉशर घाला. म्हणजे फळी सरकेल, पण उचलली जाणार नाही.

काळ्या लाकडाचा मला वेगळाच संशय आहे. साल शिल्लक असलेला एखादा तुकडा आहे का? साल कशी दिसते ते सांगा.

पीठ पडतंय ती सागाची पांढरी, म्हणजे गाभ्याबाहेरचा भाग. किडा गाभ्याला सहसा हात लावत नाही, पांढरी मात्र आवडीने खातो. ती पट्टी काढाच. आमच्या वडिलांनी आयुष्यात पांढरी कधी आत घेतली नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, दोन बोटं लाकूड वाया घालवलंत, आणि ते ऐकून घ्यायचे.

झटपट_गृहस्थ
एवढा व्याप कशाला? प्लाय आणा, सनमायका मारा, रविवारी संध्याकाळी चहा ठेवायला टेबल तयार.

उंबरठा
दादा, प्लाय विकत आणावा लागतो. हे तुकडे घरात पडलेत आणि आई रोज त्यांच्याकडे बंबाच्या नजरेने बघते.

काका, साल सापडली. काळसर आहे आणि चौकोनी खवले पडलेत, मगरीच्या पाठीसारखे.

पटाशी३२
म्हणजे ऐनाचं झाड. संशय तोच होता. लाकूड ताकदीचं, आमच्याकडे जुन्या घरांना तुळया ऐनाच्या असत. पण वाळायला हट्टी. सागापेक्षा जास्त हलतो आणि घाई केली की चिरतो. तुम्ही आणलात त्याच्या आठवडाभर आधीच वखारीत कापलेला असेल तर आतून ओलाच असणार. साग आणि ओला ऐन शेजारी चिकटवलेत, म्हणून सांधा नेमका तिथेच उघडला.

उरलेला एक तुकडा घरच्या काट्यावर तोला, वर पेन्सिलीने वजन आणि तारीख लिहा. दर रविवारी तोलायचं. वजन उतरायचं थांबलं की वाळला. टोकांना जुना ऑइलपेंट फासा, पाणी टोकांतून लवकर जातं आणि तिथूनच चिरा सुरू होतात.

देवराईची_लेक
दोन गोष्टी माझ्याकडून. ऐन काढून पुन्हा जोडताना जुना फेविकॉल रंध्याने पूर्ण काढा, सुकलेल्या थरावर नवा धरत नाही. आणि साग तेलकट असतो, तर रंधा मारल्याबरोबर त्याच दिवशी चिकटवा.

सागाची धूळ मला बाधली होती, हातावर पुरळ आणि आठवडाभर शिंका. मास्क लावाच. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेटू शकतात. मी पसरून वाळवते, मग पाण्यात भिजवून टाकते.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. ऐनाच्या तिन्ही पट्ट्या आणि पिठाची सागाची काढली. पाचच उरल्या, त्यामुळे टेबल अरुंद झालं. आई म्हणाली, हे टेबल कसलं, हा तर पाट. मग पायच अर्ध्यावर कापले. आता ती त्यावर बसून भाजी निवडते. लांबट भोकं पाडायला ड्रिलची दोन भोकं शेजारी पाडून मधला भाग कानशीने काढला, अर्धा दिवस गेला.

ऐनाचा तुकडा पहिल्या रविवारी १८४० ग्रॅम होता, दोन आठवड्यांनी १७६५. आज १७३०. अजून उतरतोय.