मदत हवी आहे: द्युरुफ्लेच्या 'उबी कारितास'मध्ये बारचे ठोके ऐकू येतात

आमचा हौशी कॉयर (गायनवृंद) फ्रेंच संगीतकार मोरिस द्युरुफ्लेचं 'उबी कारितास' (१९६०) हे लॅटिन समूहगीत बसवतो आहे. मूळ ग्रेगोरियन सुरावट (चांट, म्हणजे चर्चमधलं जुनं, ठरावीक ठेका नसलेलं एकसुरी गायन) सुरुवातीला आल्टोकडे (स्त्रियांच्या खालच्या आवाजाकडे) आहे, आणि ती फार सुंदर आहे. पण २/४, ३/४ असं माप बदलत राहतं आणि गायक प्रत्येक बारच्या (नोटेशनमधल्या मात्रांच्या गटाच्या) पहिल्या मात्रेवर जोर देतात. प्रवाह तुटतो.

मूळ चांट सगळ्यांनी एकसुरात गाऊन पाहिला, नुसते शब्द म्हणून पाहिले, मेट्रोनोम बंद केला. एकसुरात छान वाहतं; सगळे आवाज एकत्र आले की पुन्हा ठोके. नोटेशन सर्वांना वाचता येतं. ऑर्गनची साथ नाही, मूळ रचनेतही नाही.

फ्रान्समधल्या सोलेम मठाच्या चांट गाण्याच्या पद्धतीतले दोन-तीन स्वरांचे गट हाताने दाखवावेत, की लॅटिन शब्दांच्या आघातांवरच हात चालवावा?