हातकागदासाठी पेपर मलबेरी बागेत लावावी का?

शाईदौत
सुलेखन आणि लिनोकट छपाईसाठी घरीच कागद करायचा विचार आहे. चिंध्यांच्या लगद्याचा नको, लांब तंतूंचा, जपानी कोझोसारखा (पेपर मलबेरीच्या सालीच्या कागदासारखा) पातळ पण चिवट हवा. त्यासाठी पेपर मलबेरी लावू म्हणतोय. जागा मुळशी भागात, पाच गुंठे, तांबडी मुरमाड जमीन, थोडा उतार. पाऊस धो धो, पण विहीर मार्चनंतर आटते. एका बाजूला शेजाऱ्यांची आंब्याची कलमं आहेत.
रोप घ्यावं की फांदीचं कलम? किती झाडं पुरतील? हे झाड फार पसरतं म्हणतात, ते कितपत खरं? आणि सालीपासून लगद्यापर्यंतचं काम घरच्या भांड्यांत होतं का?

ओलीमाती
आधी पसरण्याचं बोलू, कारण लावायचं की नाही हे त्यावरच ठरतं.

हे झाड (ब्रूसोनेशिया पॅपिरिफेरा) वड-फणस-तुतीच्या कुळातलं. कागदी लिंबाशी संबंध नाही, उगाच नर्सरीत गोंधळ नको. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नराला पिंपळीसारखे लोंबते तुरे येतात आणि परागकोश उमलताना पराग अक्षरशः उडवतात. इस्लामाबादेत १९६० च्या दशकात ही झाडं मोठ्या प्रमाणावर लावली; आता तिथे दर मार्चमध्ये दमेकऱ्यांचे हाल होतात आणि झाडं तोडायच्या मोहिमा निघतात. मादीला कदंबाच्या छोट्या चेंडूसारखा मोहर येतो, त्याचं नारिंगी-तांबडं फळ होतं. पाखरं ते खाऊन बी लांबवर टाकतात. घानामध्ये १९६९ साली कागदाच्या लगद्यासाठी हे झाड आणलं, आज ते तिथल्या जंगलात तण आहे. आपल्याकडे देहरादून, चंडीगडच्या बाजूलाही रानात घुसलेलं आहे.

म्हणून बियांचं रोप घेऊ नका. त्याचं लिंग मोहर येईपर्यंत कळत नाही. ओळखीच्या मादी झाडाच्या मुळाचा तुकडा घ्या. आसपास नर नसेल तर मादीला रुजणारं बी धरत नाही आणि परागाचा प्रश्नच येत नाही.

पण बियांपेक्षा मोठा उपद्रव मुळांचा. मुळं उथळ आणि आडवी पळतात, आणि खोडापासून कितीतरी फुटांवर धुमारे काढतात. मुळाला कुदळ लागली की तिथूनही फुटवा येतो. अशा जमिनीत रोटाव्हेटर फिरवला तर एका झाडाची पन्नास होतात. शेजारच्या कलमांच्या आळ्यांत तर ते हमखास शिरणार, कारण तिथे खत-पाणी आयतं मिळतं.

उपाय आहे. शोषखड्ड्याला वापरतात त्या तीन फूट व्यासाच्या, एक फूट उंचीच्या सिमेंटच्या रिंगा घ्या. दोन एकमेकींवर ठेवून पुरा, जमल्यास तीन. वरची रिंग जमिनीच्या वर दोन इंच राहू द्या, नाहीतर मुळं काठावरून उडी मारतात. सांधे सिमेंटने लिंपा. तळ बंद करू नका. मुळशीच्या पावसात पाणी साचलं की मुळं कुजतात. खाली जाणारी मुळं थोडी असतात, ती चालतील. एका रिंगेत एकच झाड. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद चर खणून उभा लावता येतो, पण मुरमात तो फाटतो आणि जोडाच्या फटीतून मुळं निघतातच. तुमच्या जमिनीत रिंगाच बऱ्या.

लावणी: पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मुळाचे १२ ते १५ सेंटिमीटरचे तुकडे करा. खोडाकडचं टोक सरळ कापा आणि दुसरं तिरकं, म्हणजे उलटं लावलं जाणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत, झाड निष्पर्ण असताना तुकडे काढून पिशवीत लावा. माती, वाळू, शेणखत समभाग. वरचं टोक मातीच्या बोटभर खाली. फुटवे आले की जूनअखेर रिंगेत. फांदीची कलमंही लागतात, पण मुळाचे तुकडे जास्त खात्रीचे.

लगदा
किती झाडं लागतील याचा हिशोब असा. तिसऱ्या वर्षी एका बुंध्याला पाच फोक ठेवले, तर फोक साधारण तीन मीटर उंच आणि बुडाशी इंचभर जाड होतो. ओला फोक अर्धा किलो धरा. दहा बुंधे म्हणजे पंचवीस किलो ओलं लाकूड. जपानातला जुना ठोकताळा असा, की शंभर किलो ओल्या फोकांतून चार ते पाच किलो कागद निघतो. म्हणजे तुमच्या हाती एक-सव्वा किलो. ए-फोर आकाराचा ४० जीएसएमचा (चौरस मीटरला ४० ग्रॅम) एक ताव अडीच ग्रॅमचा होतो. चारशे ताव झाले. शिकताना फुकट जाणारे वजा केले तरी अडीचशे-तीनशे राहतात. आठ-दहा रिंगा भरपूर झाल्या.

झाड वाढू द्यायचं नाही, दरवर्षी छाटायचं. वर्षभराचे फोक मोहर येण्याआधीच निघतात, त्यामुळे नर निघालं तरी त्रास होत नाही. पहिल्या वर्षी हात लावू नका. दुसऱ्या वर्षापासून पानगळ झाल्यावर, डिसेंबरअखेर ते जानेवारीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर तिरका काप द्या. वाढ चालू असताना बगलेतले कोंब कोवळे असतानाच नखाने खुडत राहा. फिजी-टोंगाकडे याच झाडाच्या सालीचं कापड करतात, तिथेही हे काम चुकवत नाहीत, कारण जिथे फांदी फुटली तिथे सालीला भोक पडतं. कागदाला भोकाचं एवढं वावडं नाही, पण गाठीजवळची साल शिजत नाही आणि तावात काळे ठिपके उतरतात.

तुमची खरी अडचण पाण्याची आहे. जानेवारीत छाटलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये धुमारे येणार आणि लगेच पुढे विहीर आटणार. आठवड्याला बुंध्यामागे पंधरा-वीस लिटर पाणी आणि चार बोटं जाड पाचटाचं आच्छादन एवढं लागेलच. दहा रिंगांना आठवड्याला दोनशे लिटर, म्हणजे एक पिंप. तेवढी सोय नसेल तर लावूच नका. करपलेल्या धुमाऱ्यांच्या जागी पावसात बारीक काटक्या येतात, त्यांची साल सोलायच्या लायकीची नसते.

शाईदौत
पिंपभर पाणी टँकरचं आणावं लागेल, पण जमेल. साल सोलण्यापासून पुढचं सांगाल का? घरात मोठं अॅल्युमिनियमचं पातेलं आहे.

लगदा
अॅल्युमिनियम अजिबात नको. साल शिजवताना घालायचा सोडा त्याला खातो, हायड्रोजन सुटतो आणि लगदा करडा पडतो. स्टीलचंच घ्या, आणि ते पुन्हा स्वयंपाकात वापरू नका.

फोक दोन-अडीच फुटांचे कापून मोळी बांधा. पिंपात बुडाशी पाणी, वर विटांवर जाळी, त्यावर मोळी उभी, तोंडावर दुसरं पिंप पालथं. दोन तास वाफ. बुडाकडची साल आक्रसून लाकूड अर्धा इंच उघडं पडलं की झालं. गरम असतानाच सोला, गार झाली की परत चिकटते. मग रात्रभर भिजवून बोथट सुरीने वरची काळी साल आणि हिरवा थर खरवडा. उरते ती पांढरी साल. कडक उन्हात वाळवून बांधून ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. पावसाळ्यात मात्र हवाबंद डब्यात.

शिजवताना: एक किलो सुकी पांढरी साल आदल्या रात्री भिजवा. पंधरा लिटर पाणी, दीडशे ग्रॅम सोडा अॅश. इथे हमखास चूक होते. सोडा अॅश म्हणजे कोरडी पांढरी पूड. धुण्याच्या सोड्याचे खडे घेतलेत तर त्यांत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, मग चारशे ग्रॅम लागतात. खाण्याचा सोडा पुरत नाही, आणि कॉस्टिक तंतूच खाऊन टाकतो. रबरी हातमोजे, चष्मा, आणि काम उघड्यावर. मंद आचेवर दोन तास, अधूनमधून उलटत. साल आडवी ताणली आणि तिची जाळी झाली की उतरवा.

नंतर पाणी नितळ येईपर्यंत धुवा, आणि पाण्यात सोडून काळे ठिपके एकेक करून वेचा. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि कागदाचा दर्जाही इथेच ठरतो. मग फळीवर लाकडी मोगरीने कुटायचं. पाव किलोला अर्धा-पाऊण तास. पाण्याच्या बरणीत चिमूटभर टाकून हलवा. गुठळी न राहता धागे सुटे तरंगले की पुरे. मिक्सरच्या मोहात पडू नका. या झाडाचे तंतू सरासरी सेंटिमीटरभर लांब असतात. मिक्सर ते कापतो, नाहीतर पात्याभोवती गुंडाळून घेतो, आणि ज्या लांबीसाठी एवढा खटाटोप केला तीच जाते.

पाण्यात तंतू विखुरलेले राहावेत म्हणून जपानात टोरोरो-आओईच्या मुळाचा बुळबुळीत रस घालतात. ते झाड भेंडीच्या जवळचं. आपल्याला भेंडीच चालते: जून भेंड्या चिरून रात्रभर गार पाण्यात, मग फडक्यातून गाळून घ्या. उन्हाने हा रस पातळ होतो, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी नवा करा. जपानात हे काम थंडीत करतात त्याचं एक कारण हेच.

तुतीबाग
एक वेगळी सूचना. हा सगळा पसारा मांडण्याआधी साध्या तुतीच्या सालीवर हात बसवा. समरकंद (उझबेकिस्तान) आणि खोतान (पश्चिम चीन) इथे तुतीच्या सालीचा हातकागद करतात. रेशीम उत्पादक शेतकरी अळ्यांना आता फांदीसकट पाला घालतात. पाला खाऊन झाला की सालीसकट काड्यांचा ढीग उरतो, तो खतात नाहीतर चुलीत जातो. मागितल्यात तर बहुतेक जण फुकट देतील. व्ही-वन जातीच्या काड्या सरळ असतात, सोलायला बऱ्या. फक्त काड्या त्याच दिवशी आणा, दोन दिवसांत साल लाकडाला घट्ट धरते. तसं झालंच तर वाफ तासभर जास्त. आणि अळ्यांच्या संगोपनगृहात चुना नाहीतर निर्जंतुकाची पूड मारतात, म्हणून सोलण्याआधी काड्या स्वच्छ धुवा.

तुतीचा तंतू कोझोपेक्षा किंचित आखूड आणि मऊ, रंग पिवळसर. लिनोकटला छान, पण पातळ शाईच्या सुलेखनाला थोडा पसरट. वर तुरटी-सरसाचा हात द्यावा लागेल.

ओलीमाती
तुतीच्या सूचनेला अनुमोदन. तुती धुमाऱ्यांनी पसरत नाही हा वरचा फायदा. तरीही पेपर मलबेरी लावलीत तर छाटणीनंतरच्या काड्या आणि मुळांचे तुकडे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, तिथेच रुजतात. उन्हात कडकडीत वाळवून जाळा. पाला शेळ्या खातात.

शाईदौत
या हिवाळ्यात तुतीच्या काड्या आणतो. पहिले ताव काढायला जाळी कुठली घ्यावी? साच्याला बांबूची चटई मिळत नाहीये.

लगदा
सुरुवातीला चटई नकोच. नेपाळी पद्धत करा: लाकडी चौकटीवर नायलॉनची मच्छरदाणी खिळ्यांनी ताणून बसवा, चौकट टबात तरंगत ठेवा. तांब्याभर पातळ लगदा वर ओता, हाताने हलवून सारखा पसरा, सरळ उचला, निथळू द्या. ताव चौकटीवरच उन्हात वाळतो, उलटून काढायची कसरत नाही. भेंडीचा रसही यात लागत नाही. ए-फोरच्या एका तावाला अडीच-तीन ग्रॅम सुका तंतू धरून लगदा घ्या. एका तावाला एक चौकट अडकते, म्हणून निदान सहा तरी करून घ्या. जाळी ढिली राहिली तर मध्ये खोलगट होऊन ताव तिथे जाड येतो, तेव्हा ओली करून ताणा.