विषय: बाबांसाठी सुट्ट्या पैशांचं स्पॅनिश

मंडळी, नमस्कार.
पुढच्या महिन्यात आई-बाबा माद्रिदला येताहेत. बाबा कार्डाला हात लावत नाहीत. रोख, तीही दोनदा मोजून. मी ऑफिसात असताना पाव, फळं, कॉफी ही खरेदी दोघांनाच करायची आहे. कामापुरते शब्द कुणी पाठवेल का? माझ्या ॲपची गाडी 'दिनेरो'च्या, म्हणजे 'पैशा'च्या, पुढे जात नाही.
– लेगानेसहून

*

'दिनेरो'चं गल्ल्यावर काही काम नाही. तिथे विचारतात, 'एफेक्तिवो ओ तार्खेता?', म्हणजे रोख की कार्ड. बाबांनी 'एफेक्तिवो' म्हणायचं. एखादा जुन्या वळणाचा दुकानदार 'एन मेतालिको' म्हणेल. नाव धातूचं असलं तरी नोटा चालतात, घाबरू नये.

मग येतं 'तिएने सुएल्तो?' हा शब्द म्हणजे थेट आपले सुट्टे, अर्थही 'सुटे'च, त्यामुळे बाबांच्या लगेच लक्षात राहील. १, २, ५ सेंटची तांबूस चिल्लर ती 'काल्देरिया'. नोट मोडून हवी असेल तर 'मे दा काम्बियो दे थिन्कुएन्ता?', म्हणजे ५० ची मोड द्याल का. परत मिळतात ते पैसे 'ला बुएल्ता'. त्यांनाही 'काम्बियो' म्हटलेलं चालतं.

खरी अडचण ऐकण्याची आहे. किंमत भराभर 'दोस कुआरेन्ता' अशी येते, पावतीवर २,४० दिसते. हा स्वल्पविराम म्हणजे आपलं दशांशचिन्ह, आणि हजारानंतर मात्र टिंब. बाबांना हे आधीच सांग, नाहीतर पावतीवरून वाद घालतील.
– काका, मोस्तोलेस

*

काकांच्या यादीत थोडी भर. कोपऱ्यावरची फळवाली पेरूची असेल तर ती 'बुएल्तो' आणि 'सेन्सियो' म्हणेल: परतीचे पैसे आणि सुट्टे. मेक्सिकोवाल्याकडे सुट्ट्यांना 'फेरिया'. माद्रिदमध्ये हे सगळं एकाच गल्लीत ऐकू येतं.

बारमध्ये बिल मागायला 'मे कोब्रास?' एवढं पुरतं. थोडी नाणी बशीत ठेवली तर काही जुन्या बारमध्ये वेटर 'बोते!' असं ओरडतो. टिपेच्या डब्यात पैसे पडले, एवढंच. आईंना आधी सांगून ठेव, दचकतील.

आणि शेजारचे आजोबा 'नो तेंगो उन दुरो' म्हणाले तर समज, खिशात दमडी नाही. दुरो म्हणजे ५ पेसेतांचं नाणं. पेसेता २००२ मध्ये चलनातून गेली, दुरो बोलण्यात राहिला.
– काकू, लावापिएस

*

काका, काकू, आभार! मोठ्या अक्षरात छापून फ्रिजवर लावते. एकच शंका: बाबा ती काल्देरिया बरणीत साठवणार आणि एक दिवस सगळी बेकरीत ओतणार. घेतील का?
– लेगानेसहून

*

एका वेळी ५० नाण्यांपर्यंत घ्यावीच लागतात, युरोचा तसा नियमच आहे. त्यापुढे दुकानदाराची मर्जी. आणि सकाळी पावाची रांग असते तेव्हा तरी बाबांना बरणी घेऊन पाठवू नकोस.
– काका