माया घरून आणायची की कॉलेजात शिकायची? (वेगळा धागा)

माशेलची सून
'सत्तरीचा वाघ' यांनी परवा लिहिलं की एमबीबीएसच्या पोरांना संवाद आणि करुणेचे तास ठेवणं ही थेरं आहेत, माया घरून यावी लागते, आणि पॅलिएटिव्ह, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात वेदना कमी करणारे उपचार, हे डॉक्टरांनी हात वर केल्याचं गोंडस नाव. त्यावर ढीगभर अंगठे पडले, म्हणून हा धागा.

माझ्या सासऱ्यांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. खासगी इस्पितळात केसपेपरवर दुखण्याचं इंजेक्शन 'एसओएस' लिहिलेलं. म्हणजे माणसाने आधी ओरडायचं, मी धावत सिस्टरला गाठायचं, सिस्टरने ड्यूटी डॉक्टरला फोन लावायचा, आणि डॉक्टर जेवायला गेलेला. तोवर उशीचा कोपरा दातांत. मॉर्फिनच्या गोळीचं विचारलं तर तो पोरगा म्हणतो, सवय लागेल. मरायला टेकलेल्या माणसाला सवय! बरं, पोरगा वाईट नव्हता. रात्री मला चहा त्यानेच आणून दिला. माया होती हो, शिकवलं नव्हतं कुणी. पुढे दुसऱ्या डॉक्टरने तीच गोळी घड्याळ लावून दर चार तासांनी सुरू केली, पोट बांधतं म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध. सासऱ्यांनी स्वतःहून पेज मागितली, वर तोरांचं लोणचं. याला हात वर करणं म्हणता?

सत्तरीचा वाघ
सूनबाई, माझंच खरं केलंत. गोळी कधी द्यावी ही फार्माकॉलॉजी झाली, करुणा नव्हे. 2019 पासून एमबीबीएसला तो एटकॉम, वागणूक-नैतिकता-संवादाचा विषय, आहेच की. माझ्या भाच्याने लॉगबुकातलं 'रिफ्लेक्शन' मित्राचं उतरवलं, सही मिळाली. झाला करुणावान! आपल्या गोव्यात लोटलीला शांती आवेदनात सिस्टर्स शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटांची सेवा करतात, त्यांनी कुठलं लॉगबुक भरलं?

रात्रपाळी
ती संस्था 1986 ला मुंबईत एका कॅन्सर सर्जननेच उभी केली, वाघसाहेब. आणि भाच्याने कॉपी केली तर कान भाच्याचा धरा.
मॉर्फिनची भीती 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याची. 2014 ला तो सुधारला, मान्यताप्राप्त इस्पितळाला अनेक परवान्यांऐवजी एकाच ठिकाणची मंजुरी पुरते. कायदा बदलला, धास्ती गेली नाही. केरळात 1993 पासून डॉ. राजगोपाल आणि मंडळींनी कोळिकोडला पॅलिएटिव्हचं काम उभं केलं, 2008 ला सरकारचं धोरण आलं. आणि आमच्याकडे? जून 2025 ला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आरोग्यमंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर डॉक्टरला झापलं. शिकाऊ पोरांना तो धडा फुकट मिळाला.
पण नातेवाइकांबद्दल कुणी बोलेल का? व्हरांड्यात गाठून हात जोडतात, 'बाबांना सांगू नका.' मग पेशंटशी बोलायचं तरी काय, पावसापाण्याचं?

सत्तरीचा वाघ
नाहीच सांगायचं! आमच्या आईला सांगितलं नाही. चवथीला खुर्चीत बसून तिने गणपतीवरची फळांची माटोळी बांधून घेतली, कुठलं फळ कुठे ते ओरडून सांगत. सांगितलं असतं तर चवथीआधीच खचली असती.

माशेलची सून
की तिला ठाऊक होतं आणि ती तुम्हाला सांभाळत होती?

सत्तरीचा वाघ
माझ्या आईवर बोलायचं काम नाही. तुम्ही तिथं नव्हता.

रात्रपाळी
आईवर कोण बोलतंय? माझ्या वॉर्डातल्या एका आजींनी पाटल्या कुणाला, मोहनमाळ कुणाला, सगळं माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं. म्हणाल्या, 'मुलाला दाखवू नको गो, त्याला वाटतं मला कळलेलं नाही.' मुलगा बाहेर मला बजावत होता, आईला कळता कामा नये. मधल्या मध्ये मी खोटारडी.

कोर्टकचेरी
आणि आजारच लपवलात तर लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद, काय कपाळ करणार? सुप्रीम कोर्टाचा निकाल 2018 चा, जानेवारी 2023 ला रीत सोपी झाली, मॅजिस्ट्रेटऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. गोव्यात 2024 ला हायकोर्टाचे न्या. सोनक यांनी स्वतःचं करून दाखवलं. व्हेंटिलेटर लावायचा की नाही यावरून आयसीयूच्या दारात भावाभावांची भांडणं मी पाहिलीयत.

सत्तरीचा वाघ
वकीलसाहेब आले, म्हणजे धागा संपला! बरं, शिकवा तुमची करुणा. फक्त लॉगबुकावर सही देऊ नका, पेशंटजवळ उभं करून परीक्षा घ्या. यापलीकडे मी काही मान्य केलेलं नाही, आणि सूनबाईंचं आईबद्दलचं ते वाक्य मला अजूनही पटलेलं नाही.

माशेलची सून
माझं म्हणणं दुसरं काय होतं? आभारी आहे, वाघोबा.

सत्तरीचा वाघ
नका आभार मानू. कोर्टकचेरी, त्या विलाला साक्षीदार मुलगे चालतात काय? सहज विचारतोय.

कोर्टकचेरी
दोन लागतात, शक्यतो त्रयस्थ.

सत्तरीचा वाघ
सत्तरीत त्रयस्थ कुठून आणू? अर्धा तालुका आमचा सोयरा, उरलेल्या अर्ध्याशी जमिनीची केस चालू आहे.